केमोची पहिली फेरी आणि सोशीकपणाचा धोका

स्तनाच्या कॅन्सरवरची केमोथेरपी म्हटली की रुग्णालयातली खाट, वर टांगलेली बाटली आणि हाताला लावलेली सुई डोळ्यांपुढे येते. फलटण तालुक्यातल्या बाईच्या पहिल्या केमोत हा भाग सगळ्यांत थोडा असतो. पुणे इथून साधारण ११० किलोमीटर. कराड, मिरज, बार्शी हीसुद्धा काही तासांच्या वाटेवर. उपचार यांपैकी कुठेही चालू असोत, पहाटे निघायचे, रक्ताचा रिपोर्ट दाखवायचा, दोन-तीन तासांत औषध चढवून घ्यायचे आणि रात्रीपर्यंत घर गाठायचे, असाच बहुतेकींचा दिवस जातो. पुढचा डोस सहसा २१ दिवसांनी. म्हणजे एका फेरीतला एक दिवस डॉक्टरांसमोर आणि वीस दिवस आपल्या घरात. मळमळ, ताप, तोंड येणे, केस जाणे हे सगळे त्या वीस दिवसांत घडते, आणि घडत असताना जवळ असतात ती नवरा, सासू, मुले, शेजारीण आणि फार तर पेठेतला नेहमीचा दवाखाना. या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. पहिल्या केमोत आपल्याकडच्या बाईला सर्वांत घातक ठरू शकतो तो तिचा सोशीकपणा. दुखले तरी न बोलणे, अंगावर काढणे, घरच्यांना त्रास नको म्हणून सकाळपर्यंत थांबणे, या गोष्टींसाठी घर तिचे कौतुक करत आलेले असते. या तीन आठवड्यांत त्याच गोष्टी जिवावर बेतू शकतात.

मुळात हा त्रास कशासाठी घ्यायचा, ते आधी पाहू. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार सरासरी दहा वर्षे आधी गाठतो, म्हणजे ऐन संसाराच्या वयात. गाठ काढली की आजार गेला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गाठ सापडते तोवर काही पेशी रक्तावाटे दूर गेलेल्या असू शकतात आणि त्या कुठल्याही तपासणीत दिसत नाहीत. इटलीतल्या मिलान शहरात ज्यानी बोनादोन्ना यांनी १९७६ साली दाखवून दिले की शस्त्रक्रियेनंतर केमो दिल्यास आजार उलटण्याचे प्रमाण घटते. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १२३ चाचण्यांमधल्या सुमारे एक लाख स्त्रियांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास आला. त्यातून निघाले ते असे की आज प्रचलित असलेल्या केमोमुळे या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. केमो प्रत्येकीला लागते असे नाही. पण जिला ती सांगितली आहे तिच्या बाबतीत या आकड्यामागे दडलेला अर्थ मोठा आहे, आणि तो पूर्ण फायदा मिळायचा तर ठरलेले डोस ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रमाणात पुरे व्हावे लागतात. पहिल्या फेरीत जे बिघडते ते पुढच्या सगळ्या फेऱ्यांना नडते.

फार वेळा सुरुवात होते ती दोन औषधांच्या जोडीने. एक डॉक्सोरुबिसिन, ज्याला वॉर्डात सगळे ‘लाल औषध’ म्हणतात, आणि दुसरे सायक्लोफॉस्फामाइड. दर २१ दिवसांनी असे चार डोस आणि त्यानंतर टॅक्सेन गटातले औषध, हा नेहमीचा क्रम. आजाराच्या प्रकाराप्रमाणे तो बदलतो. औषधाची मात्रा उंची आणि वजनावरून काढतात. लाल औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी टू-डी इको करतात. ही औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, तशाच केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरात, हाडांच्या मगजात असणाऱ्या निरोगी पेशीही. केमोचे बहुतेक त्रास याच एका कारणातून निघतात, आणि मगज सावरायला लागणारा वेळ हेच दोन डोसांमधल्या अंतराचे कारण. डोसानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसते, औषधाचा रंग असतो. एवढे एक वाक्य आधी सांगितलेले नसेल तर पहिल्या रात्री घर किती हादरते याची कल्पना करता येईल.

सांगण्याची पहिली कसोटी घरी नव्हे, तर खुर्चीत बसल्याबसल्याच लागते. डॉक्सोरुबिसिन शिरेतून बाहेर आजूबाजूच्या मांसात झिरपले तर तिथली कातडी जळून खोल जखम होऊ शकते. सुईपाशी आग होणे, ठणकणे, फुगल्यासारखे वाटणे ही त्याची खूण, आणि ती सर्वांत आधी फक्त रुग्णालाच कळते. ‘सुई म्हटल्यावर दुखायचेच’ असे मनाशी म्हणून गप्प बसलेली बाई स्वतःचा हात धोक्यात घालते. नर्सला त्याच क्षणी हाक मारली तर औषध थांबवून पुढचे बरेच नुकसान टाळता येते. ज्यांच्या शिरा बारीक आहेत त्यांनी छातीत कातडीखाली बसवायच्या औषधाच्या नळीविषयी, म्हणजे पोर्टविषयी, आधीच विचारावे.

आता ओकारीकडे येऊ. केमो म्हणजे ओकाऱ्या, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे, आणि एके काळी ते खरेही होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑनडॅनसेट्रॉन आले, पुढे अॅप्रेपिटंटसारखी औषधे आली, आणि आज लाल औषधाच्या जोडीला ओकारी थांबवणारी तीन-चार औषधे एकत्र देतात. त्यांपैकी ओलान्झापाइन हे मळमळीवर उत्तम चालते, पण त्याने दिवसभर गुंगी येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिले. ओकारीवर परिणाम तितकाच राहिला आणि गुंगी कमी झाली. २०२४ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. मुंबईत झालेल्या या कामाचा फायदा खेड्यातल्या बाईला मिळायचा तर आधी तिने सांगायला हवे की मळमळ होते आहे, किंवा गोळीने उठवत नाही. पहिल्या फेरीत ओकाऱ्या आटोक्यात आल्या नाहीत तर शरीर आणि मन ते लक्षात ठेवते. पुढे काहींना नुसती रुग्णालयाची पायरी चढताना, स्पिरिटचा वास येताच उलटी होते. ही सवय एकदा जडली की मग औषधे तिच्यापुढे फारशी चालत नाहीत. म्हणून गोळ्या उलटी झाल्यावर घ्यायच्या नसतात. लिहून दिलेल्या वेळांना, बरे वाटत असतानाही घ्यायच्या असतात. याच गोळ्यांनी पोट घट्ट होते, सोबतच्या स्टेरॉइडने दोन-तीन रात्री झोप उडते आणि मधुमेह असेल तर साखर चढते. हेही सांगण्यासारखेच त्रास आहेत, आणि प्रत्येकावर साधा उपाय आहे.

ओकारीने हाल होतात. जीव जातो तो तापाने, म्हणून त्याविषयी अधिक सविस्तर लिहायला हवे. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशींचा काउंट सर्वांत खाली जातो. या पेशी जंतूंशी लढतात; जखमेत पू होतो, घसा लालबुंद होतो, तो त्यांच्या लढाईचाच भाग. त्या नसतील तर पू नाही, लाली नाही, खोकल्यात बेडका नाही. आत जंतू रक्तात पसरत असतो आणि बाहेर दिसतो तो फक्त ताप, कधी नुसती थंडी वाजून येते. अशा तापाचा धोका सगळ्या फेऱ्यांमध्ये पहिल्या फेरीत सर्वांत जास्त असतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा पहिल्या फेरीत हयगय करून दुसरीपासून शहाणे होण्याची सोयच इथे नाही. जगभरचा नियम स्पष्ट आहे. तोंडात थर्मामीटर लावून १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस, इतका ताप टिकून राहिला तर त्याच घटकेला डॉक्टरांना फोन करायचा आणि रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचे इंजेक्शन शिरेतून सुरू व्हायचे.

हा नियम आपल्या नेहमीच्या वागण्याच्या अगदी उलट आहे. ताप आला की पॅरासिटामोलची गोळी घ्यायची, घाम आला की बरे वाटते, सकाळी पाहू, ही आपली रीत. केमोतल्या बाईने डॉक्टरांशी न बोलता ती गोळी घेतली तर ताप झाकला जातो आणि जंतू तसाच राहतो. जवळच्या दवाखान्यात एक सलाईन आणि एक सुई घेऊन परत येणे तितकेच घातक, कारण त्या डॉक्टरांना ‘मला नऊ दिवसांपूर्वी केमो दिली आहे’ हे सांगितलेलेच नसते. इथे कोणी म्हणेल की मध्यरात्री ताप भरला तर फलटणहून पुण्याला लगेच पोचायचे कसे? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच उत्तर डोसाच्या आधी शोधायला हवे. कॅन्सरच्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्यावी. तिच्यावर कोणते औषध कोणत्या तारखेला दिले, ताप आल्यास कोणत्या तपासण्या आणि कोणते अँटिबायोटिक, रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, एवढे असावे. ती चिठ्ठी घेऊन गावातल्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा ज्या फिजिशियनकडे रात्री दार उघडते तिथे आधीच जाऊन यावे, आणि पहिले इंजेक्शन इथे मिळेल का, हे विचारून ठेवावे. अँटिबायोटिकचा पहिला डोस फलटणमध्ये घेऊन मग गाडीने पुढे निघणे, हे उपचाराशिवाय अडीच-तीन तास प्रवास करण्यापेक्षा केव्हाही बरे. ताप आलेल्या प्रत्येकीला आठवडाभर ॲडमिट व्हावे लागते असेही नाही. तपासणीनंतर काहींना गोळ्यांवर घरी पाठवतात. मात्र तो निर्णय डॉक्टरांचा असतो, घरातल्या अंदाजाचा नाही.

ज्यांना हा धोका अधिक आहे त्यांना पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन देतात. ते केमोनंतर निदान २४ तासांनी घ्यायचे असते, आणि तोवर बाई घरी आलेली असते. म्हणून ते सोबत घेऊन यावे लागते. फ्रीजच्या साध्या कप्प्यात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठले तर ते वाया गेले. प्रवासात बर्फ घातलेल्या डब्यात, पण बर्फाला थेट चिकटू न देता आणावे. या इंजेक्शनानंतर कंबर आणि मांड्यांची हाडे ठणकतात. असे होऊ शकते हे माहीत नसले, की आजार हाडांत गेला, अशी भीती अनेक घरांत बसते.

सांगण्यावर एवढा भर कशासाठी? डॉक्टरांना हे सगळे ठाऊकच असते, ते विचारतीलच, असे वाटू शकते. तसे होत नाही, याचा पुरावा आहे. इटलीत तीन चाचण्यांमधल्या १,०९० रुग्णांनी स्वतः लिहिलेले त्रास आणि डॉक्टरांनी नोंदवलेले त्रास २०१५ साली पडताळून पाहिले गेले. रुग्णांनी सांगितलेल्या त्रासांपैकी ४० ते ७४ टक्के डॉक्टरांच्या नोंदीत आलेच नव्हते. सर्वांत कमी सुटली होती ती मळमळ, सर्वांत जास्त सुटले होते ते भूक मरणे. ज्या देशांत एकेका रुग्णाला अधिक वेळ मिळतो तिथली ही गत असेल, तर आपल्या ओपीडीतल्या गर्दीत काय होत असेल? याच्या पुढचा पुरावा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणारे ७६६ रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटाची नेहमीसारखी देखभाल झाली. दुसऱ्याने आपले त्रास संगणकावर नोंदवायचे आणि त्रास वाढला की नर्सला तत्काळ सूचना जायची. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात नोंदी करणारा गट मध्यममानाने ३१.२ महिने जगला, दुसरा २६ महिने. नवे औषध एकही नव्हते. त्रास वेळेवर सांगितला आणि वेळेवर ऐकला, एवढ्याने पाच महिने मिळाले.

न्यूयॉर्कचे संगणक फलटणमध्ये कुठून आणायचे, हा आक्षेप लगेच येईल. याच अभ्यासातली एक बाब त्याला उत्तर देते: ज्यांना संगणकाची आधी सवय नव्हती अशा रुग्णांना या नोंदींचा फायदा अधिक झाला होता. परिणाम यंत्राचा नव्हता. आपला त्रास नियमित मांडायचा, तो लिहिला जातो आणि पलीकडून कोणी त्यावर काही करते, या साखळीचा होता. मुलाची शंभर पानी वही आणि एक मोबाइल ही साखळी उभी करू शकतात. वहीत रोज तारीख, केमोपासूनचा कितवा दिवस, सकाळ-संध्याकाळचा ताप, किती वेळा उलटी, शौच झाले की नाही, किती खाल्ले-प्यायले, झोप, तोंडात फोड, आणि घेतलेल्या गोळ्या. लिहिता येत नसेल तर सुनेने किंवा शाळेत जाणाऱ्या नातीने लिहावे.

याहून अवघड आक्षेप बायकांच्या मनात असतो आणि तो क्वचितच उघड बोलला जातो. त्रास सांगितला तर डॉक्टर औषध कमी करतील किंवा बंदच करतील, मग आजार परत येईल. त्यापेक्षा सोसलेले बरे. या भीतीत अर्धे सत्य आहे. मात्रा घटवली की फायदा घटू शकतो. बोनादोन्ना यांच्याच रुग्णांत ठरलेल्या मात्रेच्या ८५ टक्क्यांहून अधिक केमो मिळालेल्यांचे निकाल बरे आले होते. परंतु मात्रा घटते ती कशामुळे? बहुतेक वेळा न सांगितलेला त्रास हाताबाहेर गेल्यामुळे. तोंड आल्याचे तिसऱ्या दिवशी कळले तर गुळण्या आणि मलमावर भागते. आठ दिवस उपाशी राहून वजन घटल्यावर कळले तर पुढचा डोस लांबतो. ताप वेळेवर कळला तर पुढच्या फेरीत पांढऱ्या पेशींचे इंजेक्शन जोडून मात्रा आहे तशी ठेवता येते. म्हणजे पूर्ण मात्रा हवी असणाऱ्या बाईला तर न बोलणे मुळीच परवडणारे नाही. आणखी एक समजूत, जितका त्रास जास्त तितके औषध लागू पडते आहे, हीही सोडून द्यावी. ओकारी होणे आणि गाठ विरघळणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. जिला काहीच झाले नाही तिचेही औषध काम करतच असते.

आता घराकडे वळू, कारण बोलणे हे एकट्या बाईच्या हातात नसते. अनेक घरांत तिला आजाराचे नावच सांगत नाहीत. ‘गाठ होती, आता ताकदीची सलाईन लावतात’ एवढ्यावर भागवतात. हेतू मायेचा असतो, हे मान्य. तिने धीर सोडू नये, एवढीच त्यामागची इच्छा. पण आपल्याला केमो दिली आहे हेच जिला माहीत नाही, ती नवव्या दिवसाच्या तापाला साधा ताप समजणार आणि गोळी घेऊन गोठ्यात जाणार. माहिती लपवून भीती कमी होत नाही. केस जायला लागले की सगळे कळतेच, आणि तेव्हा घरावरचा विश्वासही जातो. खरे सांगणाऱ्याने एकदम सगळे सांगण्याची गरज नसते. आजार कोणता, औषध कोणते, कोणत्या दिवसांत जपायचे आणि काय झाले तर लगेच बोलायचे, एवढे पुरे.

जपायचे म्हणजे काय, हेही इथल्या जगण्याला धरूनच ठरायला हवे. काउंट पडलेल्या आठवड्यात शेण काढणे, गोवऱ्या थापणे, गोठा झाडणे, अनवाणी शेतात जाणे हे दुसऱ्या कोणी करावे. मातीत आणि शेणात असलेले जंतू एरवी काही करत नाहीत, या दिवसांत करू शकतात. हात साबणाने धुणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय. पाणी उकळलेले, अन्न ताजे शिजवलेले, दूध तापवलेले. डाळिंब, केळी, संत्री यांसारखी सालीची फळे धुऊन खावीत. सगळी कच्ची फळे-भाज्या बंद केल्याने जंतुसंसर्ग कमी होतो, असे चाचण्यांत दिसलेले नाही. डाळ, अंडी, दही-ताक, पनीर, चालत असेल तर मासे-मटण, यांतून प्रथिने मिळतातच. महागड्या पावडरींची सक्ती कोणी केली तर डॉक्टरांना विचारावे. सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाला झोंबते, म्हणून दोन दिवस भरपूर पाणी प्यायचे आणि लघवी तुंबवायची नाही. त्याच दोन दिवसांत लघवी-उलटीतून औषध बाहेर पडते. तिचे कपडे धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. एकत्र जेवणे, जवळ बसणे, नातवंडांना जवळ घेणे यांना काही हरकत नाही. कॅन्सर संसर्गाने लागत नाही. ज्येष्ठ-आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते तेव्हा घराघरांत वारकऱ्यांचा मुक्काम असतो. पहिल्या डोसाचा दहावा दिवस नेमका त्यात येत असेल, तर त्या दोन दिवसांपुरते तिला गर्दीपासून वेगळ्या खोलीत किंवा दुसऱ्या नातेवाइकांकडे ठेवणे यात श्रद्धेला काहीच उणेपण येत नाही. विश्रांतीचा अर्थ मात्र अंथरुणाला खिळणे असा घेऊ नये. कॅनडातल्या एका चाचणीत, केमोच्या काळात स्नायूंना ताण देणारा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचे डोस ठरल्याप्रमाणे पुरे होण्याचे प्रमाण अधिक दिसले. अंगणातल्या चार फेऱ्यांनी सुरुवात करता येते.

केसांविषयी थोडे अधिक. लाल औषधाने केस जातातच, सहसा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात. ‘जीव वाचतो आहे आणि तुला केसांचे पडले आहे’ हे वाक्य कोणी उच्चारू नये. महाराष्ट्रात बाईच्या मुंडण केलेल्या डोक्याला वैधव्याचा इतिहास चिकटलेला आहे. विधवांच्या केशवपनाविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी १८९० साली संप केला होता, आणि ती प्रथा गेली तरी तिची सावली गेलेली नाही. आरशात पाहताना सवाष्ण बाईला जे वाटते ते वरवरच्या सौंदर्याचे दुःख नसते. ते ऐकून घ्यावे. केस गळायला लागण्याआधीच बारीक कापून घेतले तर उशीवरचे पुंजके पाहण्याचा धक्का थोडा कमी होतो. पदर, स्कार्फ, टोप, काहीही तिला रुचेल ते. आणि तरुण बाईने पाळी आणि पुढच्या मुलांविषयीचा प्रश्न पहिल्या डोसाच्या आधी विचारायला हवा. लाजेने तो राहून गेला तर नंतर उशीर होतो.

या सगळ्यापेक्षा काढा, झाडपाला किंवा गोमूत्र घेतलेले काय वाईट, असेही सल्ले येतात, आणि देणारे आपुलकीने देतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली, केमो-शस्त्रक्रिया टाळून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केली. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पहिल्या गटात मृत्यूचा धोका पाचपटींहून अधिक निघाला. केमोसोबत काढा घेणाऱ्यांनी निदान ते डॉक्टरांपासून लपवू नये. यकृतावर ताण आला तर कारण शोधायला ते लागते.

पैशांची चिंता हेही गप्प राहण्याचे कारण असते: फोन केला तर पुन्हा बोलावतील, पुन्हा गाडी, पुन्हा खर्च. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो येते, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, एसटी आणि रेल्वेच्या भाड्यात कर्करुग्णांना सवलत आहे. ही कागदपत्रे पहिल्या डोसाआधी पुरी करावीत. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांमध्ये तीन वर्षांत डे-केअर कॅन्सर केंद्रे उघडण्याचे जाहीर केले आहे. त्याचे स्वागतच आहे, तरी सलाईन साताऱ्यात मिळू लागली म्हणून घरचे वीस दिवस कमी होणार नाहीत. त्यासाठी गावातल्या आशाताईंना, नर्सना केमोतल्या तापाचा नियम शिकवणे आणि आठव्या-दहाव्या दिवशी एक फोन करणे, हे फार थोड्या खर्चात होण्यासारखे आहे. ग्रामीण महाराष्ट्रात असे चालत नाही, हे म्हणणे बार्शीने खोटे ठरवले आहे. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कर्मचारी गावोगाव जाऊन लोकांशी आजाराविषयी बोलू लागले, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या रुग्ण बायका अधिक लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्याचे नोंदीत दिसले. कोणतेही महागडे यंत्र न बसवता, नुसत्या बोलण्याने.

विसाव्या दिवशी रक्त तपासायचे आणि एकविसाव्या दिवशी काउंटचा कागद, उरलेल्या गोळ्या आणि वही घेऊन जायचे. डॉक्टरांनी ‘कसे वाटले?’ विचारल्यावर ‘बरे आहे’ म्हणून मोकळे न होता वही पुढे करायची. तिसऱ्या दिवशी चार उलट्या, हे वाचून ते ओकारीची औषधे बदलतील. अकराव्या दिवशी १०१ ताप, हे वाचून पेशींचे इंजेक्शन जोडतील. सहाव्या दिवसापर्यंत शौच नाही, हे वाचून पहिल्याच दिवसापासून जुलाबाचे सौम्य औषध देतील. त्यानंतर दुसरी बाटली लावली जाईल.